डॉक्टरांची चाळिशी

आमच्या घरांत अखेरचा शब्द वडील बंधूंचा, म्हणजे दादांचा असतो. गेल्या मार्गशीर्षांत जेवणाच्या पंक्तीस एक प्रश्न निघाला, दादांनीं त्यावर निकाल दिला व आम्हींहि त्यास मान डोलावली. पुढें तो निकाल फिरला. तो कां फिरला हें सांगतांना आम्हांस स्वतःच्या एका जुन्या अपराधाचा उच्चार करावा लागणार आहे. तो वगळून ही हकीकत सांगतां आली असती तर आम्हीं ती तशीच सांगितली असती.

दादांची नात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत शिकून दांतांची डॉक्टर झाली आहे. मेहकरास तिचा दवाखाना आहे, सकाळच्या एस. टी.नें ती जानेफळाहून जाते व दिवेलागणीस परत येते. दवाखाना काढून तीन वर्षें झालीं नाहींत तोंच तिची मान दुखूं लागली. रोज रात्रीं वहिनींनीं ऊन पाण्याची पिशवी भरून द्यावी व हिनें ती मानेखालीं घेऊन निजावें, असा क्रमच पडला. सत्ताविसाव्या वर्षीं मान धरते हें आमच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. तर त्या रात्रीं ताकाची वाटी खालीं ठेवून ती दादांस म्हणाली, "आजोबा, मला लूप घ्यावयाचा आहे."

लूप म्हणजे डोळ्यांस लावावयाचीं जोडभिंगें. चष्म्याच्या दोन्ही कांचांत एकेक आखूड नळकांडें बसविलेलें असतें व त्यांतून पाहिलें असतां समोरचा दांत अडीच ते तीन पट मोठा दिसतो. दादांनीं किंमत विचारली. साधीं तयार भिंगें कांहीं हजारांतहि मिळतात, परंतु स्वतःच्या डोळ्यांच्या मापानें करविलेलीं व कपाळावरच्या दिव्यासह घेतलीं तर रक्कम लाखाच्या घरांत जाते, असें तिनें सांगितलें. दादांचा हात ताटांत थांबला.

"डोळे शाबूत असतांना दुर्बीण कशाला? खुर्चीवर बसलेला रोगी काय समजेल? डॉक्टरीणबाईंस दिसत नाहीं, असेंच ना?"

वहिनींची काळजी निराळी होती. यंदा तिच्या लग्नाचें पाहावयाचें चाललें होतें, आणि मुलीच्या डोळ्यांस एवढ्यांतच असलें कांहीं लागतें ही गोष्ट चार घरीं गेली तर काय, असें त्यांचें म्हणणें. शेवटीं दादांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सांगितलें कीं, सुश्रुतानें दांतांचे आठ रोग वर्णिले आहेत, किटण खरवडण्यास दंतशंकु नांवाचें शस्त्र दिलें आहे, परंतु वैद्यानें डोळ्यांवर नळकांडीं बांधावीं असें कोठें लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. पंक्तींत हंशा पिकला. नात हंसली नाहीं. ती ताट उचलून आंत गेली.

पौषांत संक्रांतीचा तिळगूळ चावतांना आमच्या वरच्या डाव्या दाढेंतून अशी कळ निघाली कीं लाडू तसाच हातांत राहिला. या दाढेचें काम नऊ वर्षांपूर्वीं एका शहरांत झालें होतें. मुळांच्या नळ्या साफ करून त्या भरावयाच्या, ज्यास हल्लीं घरोघर रूट कॅनॉल म्हणतात, तेंच. ते डॉक्टर नांवाजलेले व अनुभवी होते. "तीस वर्षें झालीं, अजून चष्म्यावांचून काम करतों," असें ते मोठ्या अभिमानानें सांगत, व आम्हांसहि त्या वेळीं त्यांचें कौतुक वाटलें होतें.

नातीनें क्ष-किरणाचें चित्र काढलें, हिरडी दाबून पाहिली व बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें समजावून सांगितलें. वरच्या पहिल्या दाढेस मुळें तीन असतात, म्हणून नळ्याहि तीनच असाव्यात असें वाटतें. परंतु गालाकडच्या पुढच्या मुळांत पुष्कळदां दोन नळ्या असतात. त्यांतल्या दुसरीचें तोंड अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असून दांताच्याच कठीण भागाची एक कडा त्यावर आलेली असते. ही नळी साफ न होतां राहिली तर आंतले जंतु आंतच राहतात व वर्षांनुवर्षांनीं मुळाच्या टोंकाशीं पू धरतो. "मला तिथें चौथी नळी असावी असा संशय आहे, नानाआजोबा. पण मला ती दिसत नाहीं. न दिसतां टोकरत बसलें तर दाढेचा तळ फुटेल."

आम्हीं म्हटलें, "मग उपटून टाक." ती म्हणाली, "दाढ चांगली आहे. मी उपटणार नाहीं."

दुसऱ्या रविवारीं ती आम्हांस घेऊन अकोल्यास आपल्या एका मैत्रिणीच्या दवाखान्यांत गेली. तिच्याजवळ लूप होता. मैत्रीण वयानें थोडी वडील, बोलण्यास मोकळी. आमचा विश्वास बसत नाहीं हें तिनें चेहऱ्यावरून ताडलें असावें. तिनें एका बाटलींतून काढलेली दाढ बाहेर घेतली. ती मधोमध आडवी कापलेली होती. "गुरुजी, हिच्या तळाशीं किती छिद्रें दिसतात?" आम्हीं चाळिशी पुसून खिडकीच्या उजेडांत पाहिलें व "तीन" असें सांगितलें. "पुन्हां पाहा." आम्हीं पुन्हां पाहिलें व किंचित् तिखटपणानें "तीनच" म्हणालों. पस्तीस वर्षें मुलांस अंक शिकविलेला माणूस चारापर्यंत चुकत नाहीं.

मग तिनें आपला लूप आमच्या नाकावर चढविला. प्रथम सर्व कांहीं पाण्यांत पाहिल्यासारखें हललें. "हात थोडा दूर धरा, आणखी, तिथेंच थांबा." आणि ती दाढ एकदम डोळ्यांपुढें येऊन उभी राहिली. तिच्या तळाशीं, दोन छिद्रांच्या मधल्या फिकट खांचेंत, बारीक टोंकाच्या लेखणीनें टेंकवावा तसा एक काळा ठिपका होता. अगदीं अनुस्वाराएवढा.

येथें तो अपराध सांगावयास हवा. सन २००१ मधली गोष्ट. आमचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. परंतु वडिलांजवळ अमरकोश व लघुकौमुदी झालेली असल्यामुळें शाळेंत आठवीचे संस्कृताचे तास आमच्याकडे सोपविले होते. आमचें वय त्या वेळीं बेचाळीस. पुस्तक हातभर लांब धरावें लागूं लागलें होतें, पण त्याचा दोष आम्ही छपाईस, दिव्यास व भारनियमनास देत होतों. चाळिशी लावणें म्हणजे म्हातारपणाच्या अर्जावर सही करणें, असें वाटे. सहामाही परीक्षेंत एका हुशार मुलाच्या उत्तरपत्रिकेंत सात ठिकाणीं अनुस्वार नाहीं म्हणून आम्हीं सात वेळां अर्धा अर्धा गुण कापला. संस्कृतांत अनुस्वार ही शोभेची वस्तु नाहीं. 'रामः वनं गच्छति' यांतला ठिपका पुसला तर वनाचें कर्मपण जातें व वनासच हांक मारल्यासारखें होतें. (मराठींतले उच्चारांत न येणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनीं गेले, आम्हीं ते अद्याप सोडलेले नाहींत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.) मुलगा कागद घेऊन आला व म्हणाला, "गुरुजी, अनुस्वार दिलेला आहे." आम्हीं पाहिलें, आम्हांस ठिपका दिसला नाहीं. "खोटें बोलतोस?" असें आम्हीं त्यास वर्गादेखत विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. कागद टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसला.

पुढच्या चैत्रांत आम्हीं एकदांची चाळिशी केली. घरीं कपाट आवरतांना तो गठ्ठा हातीं लागला व सहज ती उत्तरपत्रिका उघडली. ठिपके होते. बारीक, टोंकदार पेनानें दिलेले, पण होते. मुलगा त्या वेळीं आठवींतच होता. त्याचें घर आमच्या घरापासून दोन आळ्या पलीकडे होतें. त्यास बोलावून सांगणें हें अर्ध्या घटकेचें काम. आम्हीं सांगितलें नाहीं. जूनमध्यें त्यानें संस्कृत सोडलें. ही गोष्ट आम्हीं घरीं कोणासहि कधीं सांगितली नव्हती. अकोल्याच्या त्या खुर्चीवर हातांत दाढ धरून बसलों असतां ती आम्हांस आठवली.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत असलेली वस्तु माणसास कां दिसत नाहीं याचीं आठ कारणें दिलीं आहेत. फार लांब असली तर दिसत नाहीं. फार जवळ असली तरीहि नाहीं, जसें स्वतःच्या डोळ्यांतलें काजळ. इंद्रियांत बिघाड, मन ठिकाणावर नसणें, वस्तूची सूक्ष्मता, आड कांहीं येणें, मोठ्या तेजांत लहान तेज लोपणें, आणि सारख्यांत सारखें मिसळून जाणें. ही कारिका आम्हीं वडिलांजवळ पाठ केली ती तत्त्वज्ञान म्हणून. परतीच्या वाटेवर नातीस ती सांगितली तेव्हां ती म्हणाली, "हें तर आमच्या रोजच्या कामाचें वर्णन आहे." चौथी नळी ही सूक्ष्मता. गाल, जीभ व लाळ हीं आड येणारीं. हल्लीं पोकळींत दांताच्याच रंगाचा मसाला भरतात. तो कोठें संपला व खरा दांत कोठें सुरू झाला हें न कळणें म्हणजे सारख्यांत सारखें मिसळणें. राहिला इंद्रियाचा बिघाड. तो मात्र रोग्याच्या तोंडांत नसून डॉक्टरांच्या डोळ्यांत असतो, आणि त्याची खबर त्यांस सर्वांच्या मागून लागते.

त्याचें कारण असें. उघड्या डोळ्यांस वस्तु मोठी पाहावयाची असेल तर एकच उपाय, तो म्हणजे ती जवळ आणणें. लहान मुलास चार बोटांवरचें अक्षर स्वच्छ दिसतें. वय वाढतें तसें डोळ्यांतलें भिंग कठीण होत जातें व ही जवळची सीमा मागें सरते. चाळिशीच्या सुमारास ती वीतभर अंतरावर येते, मग त्याहूनहि दूर जाते. हें इतकें सावकाश होतें कीं कालच्यापेक्षां आज कमी दिसलें असें कोणत्याहि दिवशीं वाटत नाहीं. तरुण डॉक्टरचा डोळा चांगला असतो, म्हणून तो वांकतो. कमरेंतून वांकतो, मानेंतून वांकतो, रोग्याच्या तोंडांत डोकें घालतो, व दिवसाकांठीं आठ तास असा राहून मान गमावतो. वृद्ध डॉक्टरनें कितीहि वांकलें तरी उपयोग नसतो. तो अनुभवाच्या जोरावर हातास लागेल तें खरें मानून पुढें जातो. अनुभव ही मोठी वस्तु आहे. परंतु अनुभव तीन नळ्यांचाच असेल तर तो चौथी शोधावयास सांगत नाहीं.

सोनार किंवा घड्याळजी डोळ्यास लावतो तें भिंग दांताच्या कामास चालत नाहीं, कारण तें वस्तूच्या अगदीं जवळ न्यावें लागतें व मध्यें हत्यार धरावयास जागा उरत नाहीं. लूपांत प्रत्येक डोळ्यापुढें एक छोटी दुर्बीणच असते. साध्या प्रकारांत पुढें फुगीर व डोळ्याजवळ खोलगट भिंग असतें. ही गॅलिलिओची रचना. ती हलकी असते व अडीच-तीन पटींपर्यंत चांगली चालते. त्याहून मोठें पाहावयाचें असेल तर केप्लरनें १६११ मध्यें वर्णिलेली दोन फुगीर भिंगांची रचना घ्यावी लागते. तींत चित्र उलटें येतें, म्हणून तें सुलटें करण्यास आंत लोलक बसवितात व नळकांडीं लांब आणि जड होतात. दोहोंतहि डोळ्यापासून दांतापर्यंतचें अंतर, सुमारें हातभर, ठरलेलें असतें. तें ज्याच्या त्याच्या उंचीवर व बसण्यावर अवलंबून असल्यामुळें मोजून घ्यावें लागतें; तसेंच दोन बाहुल्यांमधलें अंतरहि. नळकांडीं खालच्या बाजूस कललेलीं असतात, म्हणजे मान ताठ राहून नजर तेवढी खालीं जाते. हा कल चुकीचा बसला तर मानेचें दुखणें जाण्याऐवजीं वाढतें. ठरलेल्या अंतराच्या पुढें वांकलें कीं दांत अंधुक होतो, त्यामुळें डॉक्टर आपोआप सरळ बसतो. आमच्या शाळेंत पंतोजी छडीनें जें करीत तें हीं भिंगें नुसत्या अंधुकपणानें करतात.

'अधिकस्य अधिकं फलम्' हें येथें लागू पडत नाहीं, हेंहि आम्हीं त्या दिवशीं शिकलों. दांत जितका मोठा दिसेल तितका दिसणारा प्रदेश लहान होतो, खोलींतला भाग अंधुक होतो व उजेड कमी पडतो. म्हणून कपाळावर दिवा लागतो. त्या दिव्यास वेळप्रसंगीं नारिंगी कांच लावतात. कारण दांताच्या रंगाचा मसाला निळ्या उजेडानें घट्ट होतो, व पांढऱ्या दिव्यांतहि निळा उजेड असल्यामुळें तो बसविण्यापूर्वींच आळूं लागतो.

आमच्या दाढेचें काम दीड तास चाललें. जुना मसाला काढून तिनें तळ स्वच्छ केला. मग लूप लावून, नातीस शेजारीं उभी करून, ती कडा किंचित् खरवडली. तोंडांत रबराचा पडदा असल्यामुळें आम्हांस बोलतां येत नव्हतें, पण ऐकूं येत होतें. "ही बघ," एवढेंच मैत्रीण म्हणाली व लूप काढून तिनें नातीच्या हातीं दिला. नातीनें पाहिलें, मान हलविली, व आमच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दाढेनें आतां सुपारीसुद्धां फोडतां येते. फोडूं नये अशी ताकीद आहे.

त्या रात्रीं आम्हीं दादांस ओसरीवर गांठलें व प्रथम मुलाची गोष्ट सांगितली, मग दाढेची. दादा बराच वेळ गप्प होते. ते स्वतः पस्तीस वर्षें तलाठी होते. सात-बाराच्या उताऱ्यांतला ठिपका इकडचा तिकडे झाला म्हणजे काय होतें तें त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक. "तूं पंक्तीस सुश्रुताचें नांव घेतलेंस तेव्हां ही गोष्ट तुला आठवली नाहीं का रे, नाना?" असें त्यांनीं विचारलें. आठवली नव्हती, हेंच खरें उत्तर होतें व आम्हीं तें दिलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नातीस बोलावून किती रक्कम कधीं लागेल तें विचारलें. निम्मी रक्कम आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून दिली, तिच्या नको नको म्हणण्याकडे लक्ष दिलें नाहीं.

वहिनींची समजूत काढण्याचें काम आमच्याकडे आलें. सुश्रुताचा दाखला मागें घेऊन आम्हीं दुसरा काढला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर निबंध लिहिला आहे. त्यांत विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय १५२० च्या सुमारास ग्रंथ वाचतांना डोळ्यांवर कांच धरीत असल्याचा, त्यांच्या चरित्रांतला उल्लेख दिला आहे. संस्कृतांत तिला उपलोचनगोलक असें भारदस्त नांव आहे. वैद्यांच्या डोळ्यांवरचीं जोडभिंगेंहि कांहीं कालपरवांचीं नव्हेत. जर्मनींत नेत्रवैद्य झेमिश यांनीं तीं १८७६ मध्येंच वापरलीं होतीं. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "व्यासराय संन्यासी होते ना? त्यांस कुठें लग्न करावयाचें होतें?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तथापि मानेखालची पिशवी गेल्या दोन महिन्यांत निघाली नाहीं, हें त्यांच्या लक्षांत आलें आहे.

लूप आला तेव्हां पहिले पंधरा दिवस नातीचे हाल झाले. डोकें दुखे, हत्यार घेतांना हात चुके, भिंगाबाहेरचें जग व आंतलें जग यांचा मेळ बसेना. रोज अर्धा तास, मग एक तास, असें करीत तिनें तें अंगवळणीं पाडलें. एका म्हाताऱ्या बाईनें तिला पाहून विचारलें, "बाई, तुमाले मोतीबिंद झाला का वो?" ती म्हणाली, "नाही आजी, तुमचा दात मोठा दिसावा म्हणून लावला." त्यावर आजी म्हणाल्या, "मंग पैसेबी मोठ्ठे घेसान काय?" ही हकीकत दादा आतां ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकास सांगतात, आणि लूप घेण्याची कल्पना मुळांत त्यांचीच होती असें ऐकणाऱ्यास वाटलें तर तें दुरुस्त करीत नाहींत.

ती उत्तरपत्रिका आमच्याजवळ अमरकोशांत ठेवलेली आहे. परवां रविवारीं नातीकडून लूप मागून घेतला व ओसरीच्या उजेडांत ती पुन्हां पाहिली. सातांपैकीं सहा ठिकाणीं अनुस्वार शाईचा व स्पष्ट आहे. सातव्या ठिकाणचा ठिपका शाईचा नाहीं. कागदांतलाच एखादा काळा कण असावा असें वाटतें. तो मुलगा हल्लीं पुण्यास असतो व त्याचा पत्ता आम्हीं मिळविला आहे. पत्र अर्धें लिहून झालें आहे. त्यांत सात लिहावे कीं सहा, एवढेंच ठरावयाचें आहे.